छिद्र पाडल्याचा दाखला

देवणखेड नगरपंचायतीच्या हद्दीत, रेल्वे फाटकाजवळच्या गल्लीत, ज्ञानोबा सोनकांबळे यांच्या राहत्या घरी तपासणीअंती एकही टाकाऊ वस्तू आढळून आली नाही. ही बाब स्वच्छता निरीक्षक मल्लिकार्जुन साहेबांनी अत्यंत गांभीर्याने घेतली.

‘माझं घर, टाकाऊमुक्त घर’ हे अभियान नुकतंच सुरू झालं होतं. वरून आलेला आदेश स्वच्छ होता. घरोघरी जाऊन टाकाऊ वस्तू शोधायची, तिचा कल्पक पुनर्वापर करून घ्यायचा आणि फोटो काढून पाठवायचा. ज्या घरात टाकाऊ काही नाहीच, त्या घराचं काय करायचं, याबद्दल आदेशात एक ओळही नव्हती. अशा वेळी सरकारी माणूस एकच निष्कर्ष काढू शकतो, आणि तो साहेबांनी काढला.

“मावशी, कचरा कुठं लपवलाव?”

“लपवायला तो काय सोन्याचा हाय का साहेब?” ज्ञानोबांच्या पत्नी सरजाबाई म्हणाल्या. “आमच्यात कचरा हायच न्हाई.”

त्या खरं बोलत होत्या. सरजाबाईंच्या घरात वस्तूला बढती होती, बदली होती, पदावनतीही होती. निवृत्ती तेवढी नव्हती. साडी अंगावरून उतरली की दाराचा पडदा व्हायची, पडदा विरला की वाकळीत जायची, आणि वाकळ फाटली की तिची फडकी होऊन चुलीजवळ रुजू व्हायची. दात घासायचा ब्रश आधी कंगवा साफ करायला आणि मग परकरात नाडी ओवायला लागायचा. खुद्द ज्ञानोबा एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना दूध आणि गिरणी या दोन खात्यांवर नेमण्यात आलं होतं.

घरातल्या भांड्यांना मात्र एकच खातं होतं, पाणी भरणे. रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे, प्लास्टिकच्या घागरी, आणि या सगळ्यांचा मुकादम असल्यासारखा मोरीपाशी उभा असलेला निळा ड्रम. गल्लीच्या कोपऱ्यावर एकच सार्वजनिक नळ होता. त्याला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि तेही त्याची मर्जी असली तर. त्यामुळे जे भांडं पाणी धरील ते पाण्यालाच लावायचं, हा त्या घराचा कायदा होता.

मल्लिकार्जुन साहेबांनी एका बादलीकडे बोट केलं. “ही रंगाची बादली टाकाऊ दिसायलीय.”

“तिच्यात पानी हाय की.”

“म्हणजे वापरात हाय. वापरात हाय म्हणजे टाकाऊ न्हाई. टाकाऊच न्हाई तर पुनर्वापर कशाचा करणार? आन् मी फोटो कशाचा काढू?”

“आवो साहेब, रंग संपला तवा आमी तिच्यात पानी भरायला लागलाव. मग हे काय झालं?”

“हा नुसता वापर झाला मावशी. ह्याच्यात कल्पकता कुठंय?”

एरवी सरजाबाईंनी साहेबांना कपभर चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण चहा पिता पिता साहेब बोलून गेले की अभियानात पहिल्या येणाऱ्या घराला एक नळजोडणी मिळणार आहे, विनामूल्य आणि प्राधान्याने.

सरजाबाईंच्या हातातली बशी तिथंच थांबली.

लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून त्या कोपऱ्यावरून पाणी वाहत होत्या. त्यांचे गुडघे त्यातच गेले. समोरच्या शरणम्माशी त्यांचं वैर जुळलं तेही त्याच नळावर, नंबरावरून. नळजोडणीचा त्यांचा अर्ज नगरपंचायतीत इतका जुना झाला होता की तो लिहून देणारा माणूसही आता हयात नव्हता. आणि मध्यंतरी एकदा त्या नांदेडला मुलाच्या, सुगतच्या भाड्याच्या खोलीवर राहून आल्या होत्या. तिथं नळ फिरवला की पाणी यायचं. सकाळी फिरवा, दुपारी फिरवा, केव्हाही यायचं. सरजाबाई कारण नसताना चार-पाच वेळा उठून तो नळ फिरवून बघून आल्या होत्या आणि त्यांना गुदगुल्या झाल्यासारखं झालं होतं. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, “मरायच्या आदी एकदा आपल्या दारात नळ बगायचाय मला. बाकी मला काय बी नको.”

“साहेब,” त्या आता म्हणाल्या, “टाकाऊ कसं करायचं ते सांगा.”

नवरा नांदेडला असल्याने सासू-सासऱ्यांजवळ राहणारी सून बुद्धप्रिया हिला या कामात गती होती. ‘प्रियाच्या घरगुती कल्पना’ या नावाने ती मोबाइलवर व्हिडिओ टाकायची, आणि ते तिच्या माहेरची माणसं मनापासून बघायची. बाटलीचा मोर, टायरचा झोपाळा, घागरीचा दिवा, तिच्या डोक्यात कल्पनांची कमी नव्हती. कमी होती ती कच्च्या मालाची.

आधी भंगारवाल्याला गाठलं. पण अख्खं देवणखेड त्याच्या मागे लागलेलं. उदगीरहून येणारा हा गडी आजवर ‘भंगार दिओ’ म्हणून ओरडत यायचा. आता तो गाडा मधोमध उभा करून गादीवरच्या शेठजीसारखा बसायला लागला होता. त्याच्याकडची फुटकी बादली दुकानातल्या नव्या बादलीपेक्षा महाग होती.

“नवी कुटंबी मिळंल काकू,” तो शांतपणे म्हणाला. “फुटकी कोन द्यायलंय?”

बाजारात तर एका गृहस्थाने दुकानातून नवी बादली घेतली आणि तिथंच पायरीवर आपटून फोडली. दुकानदाराने ती पिशवीत घालून दिली.

एवढी चैन सोनकांबळ्यांना परवडणारी नव्हती. तेव्हा साहेबांनीच मार्ग काढला. वापरात असलेली वस्तू रीतसर निर्लेखित, म्हणजे कागदोपत्री बाद, करून घेतली की ती नियमाने टाकाऊ होते. त्यासाठी नगरपंचायतीची निर्लेखन समिती होती. निरीक्षक, एक लिपिक आणि नळफिटर. समितीची कसोटी साधी होती. भांड्यात पाणी ओतायचं. राहिलं तर भांडं उपयोगी, गळालं तर टाकाऊ. भांडं उपयोगी निघण्याची दुर्दैवी शक्यता लक्षात घेऊन समिती सोबत एक लोखंडी सळई बाळगत असे.

फिटरने सरजाबाईंच्याच गॅसवर सळई लाल केली आणि रंगाच्या बादलीला खालून टोचली. चर्र आवाज झाला. लिपिकाने दाखला लिहून दिला: ‘सदर वस्तूस तळाशी तीन छिद्रे असून ती पाणी धारण करण्यास असमर्थ आहे. सबब, ती टाकाऊ असल्याचे प्रमाणित करण्यात येते.’

“छिद्रांचा फायदाच हाय मावशी,” साहेब म्हणाले. “झाड लावायचं तर कुंडीला भोक लागतंयच.”

हे सरजाबाईंना पटलं. शासनाने एकाच सळईत दोन कामं केली होती, आणि काटकसर म्हटलं की त्यांना सगळंच पटायचं.

एकदा सुरुवात झाली की मागं हटता येईना, कारण समोर शरणम्मा होती. तिने दोन घागरींचा, पायांना चार बरण्यांचा आणि सोंडेला गॅसच्या रबरी नळीचा मिळून हत्ती केला आणि ओट्यावर मांडला. जाता-येता ती सरजाबाईंना हाक मारायची.

“नोड गं सरजाबाई, बग आमचा हत्ती! सोंड बी हालायलीय!”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सरजाबाईंच्या तीन घागरी समितीपुढे गेल्या आणि बुद्धप्रियाने त्यांचं झुंबर केलं. शरणम्माने तेलाच्या डब्यांचा रेडिओ केला. सरजाबाईंनी डब्यांची आगगाडी केली, इंजिनासकट. गल्लीतल्या प्रत्येक घरातून सळईचा चर्र आवाज येऊ लागला आणि जळक्या प्लास्टिकच्या वासाने माणसं खोकायला लागली. पर्यावरणाच्या कामात एवढं चालायचंच, असं साहेब म्हणाले.

ज्ञानोबा आत्तापर्यंत गप्प होते. बायको आणि सून एका बाजूला होत्या, आणि दोन वरिष्ठ एक झाले की गप्प बसायचं, हे ते नोकरीतच शिकले होते. पण समिती निळ्या ड्रमाकडे वळली तेव्हा ते उठून ड्रमापुढे उभे राहिले.

“ह्येला हात लावायचा न्हाई.”

“आवं, पन शंभर टक्के पायजे म्हनायलेत,” सरजाबाई म्हणाल्या. “एक भांडं राह्यलं तरी मार्क कटतेत. शरणम्मानं तिचा ड्रम कालच दिला.”

“आन् पानी कशात भरायचं?”

या प्रश्नावर साहेब हसले. लहान मुलाच्या प्रश्नाला मोठी माणसं हसतात तसे. “काका, पाणी भरून कोण ठेवतंय? ज्याच्या दारात नळ न्हाई तो. तुमच्या दारात नळ आल्यावर भरायची गरजच काय? फिरवला की आलं.”

सरजाबाईंच्या डोळ्यांपुढे नांदेडचा नळ उभा राहिला. फिरवला की आलं. त्यांनी स्वतः बघितलं होतं.

“साहेब बरोबर म्हनायलेत,” त्या म्हणाल्या. “तुमी सरका.”

ज्ञानोबा सरकले. ड्रम आडवा करून, मधोमध कापून, आत गादी टाकून त्याचा सोफा झाला. तो कापत असताना सरजाबाई आत जाऊन बसल्या. त्यांना रडू आलं, आणि एका ड्रमासाठी आपण रडतोय म्हणून स्वतःचा रागही आला. किती उन्हाळे त्या ड्रमाने काढून दिले होते. पाहुणे आले, बाळंतपणं झाली, घरात मयत झाली, त्याने कधी घराची अब्रू जाऊ दिली नव्हती.

आता कुंड्यांतली झाडं जगवायला पाणी लागत होतं आणि ते ठेवायला घरात भांडं नव्हतं. दोन तांब्यांवर झाडं किती दिवस तगणार? ती वाळली. मग बुद्धप्रियाने लातूरहून प्लास्टिकची फुलं मागवली, कोरी करकरीत. ती कुंड्यांत रोवल्यावर बाग एकदम भरून आली. साहेबांनी अहवालात ‘पाण्याची शून्य गरज असलेली बाग’ अशी खास नोंद केली.

परीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी आगगाडीवरून हात फिरवला, झुंबराखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि ड्रमाच्या सोफ्यावर बसल्या. बसल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

घरातले दोन्ही तांबे रिकामे होते. ज्ञानोबा मागच्या दाराने दुकानात धावले आणि बंद बाटली घेऊन आले. बाई दोन घोट प्यायल्या, बाटली वर धरून त्यांनी हसत विचारलं, “आता सांगा, या बाटलीचं तुम्ही काय करणार?”

बुद्धप्रियाने क्षणाचाही विलंब न लावता बाटली घेतली, खिळ्याने बुडाला भोक पाडलं, तोंडात प्लास्टिकचं फूल खोचलं आणि बाईंच्या हातात दिली. बाटलीतलं उरलेलं पाणी ज्ञानोबांच्या पायावर गळत राहिलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. निकाल तिथंच लागला.

नळजोडणीचं काम नगरपंचायतीने खरोखर प्राधान्याने केलं. अभियानाच्या भावनेशी सुसंगत राहून नवीन पाइप मात्र आणला नाही. गल्लीच्या कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ उखडला, त्याचाच पाइप खणून काढला आणि तोच सोनकांबळ्यांच्या दारापर्यंत आणून बसवला. हा पुनर्वापर इतका उत्कृष्ट होता की त्याचाही फोटो वर गेला. गल्लीला आता कोपऱ्यावर नळ नाही, हे गल्लीच्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

उद्घाटनाला नगराध्यक्ष आले. नळाला फीत बांधली होती. सरजाबाईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. त्यांना फायबरचं एक जाडजूड स्मृतिचिन्ह देण्यात आलं, त्यावर हिरवं पान होतं. अध्यक्षांनी फीत कापून नळ फिरवला. नळातून एक लांब फुस्स आवाज आला.

“वाजवा, टाळ्या वाजवा,” मल्लिकार्जुन साहेब हळूच म्हणाले. “हवा आली म्हणजे लाइन चालू हाय. पाणी पाळीनं येईल.”

“पाळीनं?” सरजाबाईंनी विचारलं. “फिरवला की येतंय म्हनलेत की तुमी!”

“येतंयच की मावशी. पाळीच्या दिवशी फिरवला की येतंय.”

टाळ्यांच्या गजरात ज्ञानोबांनी तेवढं बायकोकडे बघितलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं सरजाबाईंना वाटलं.

पाळीचा दिवस आला आणि भर दुपारी पाणीही आलं. आलं ते धो धो आलं. सरजाबाई मोठ्याने ओरडल्या, “आलं गं, पानी आलं!” त्या आवाजाने सगळी गल्ली त्यांच्या दारात जमा झाली. दुसरा नळच कुठं उरला होता? ज्याला जे सापडलं ते घेऊन जो तो धावला. कुणी कुंडी आणली, कुणी दिवा, कुणी मोर. शरणम्माने हत्ती उचलून आणला, त्याच्या पाठीवरच्या फटीत पाणी भरलं आणि डोक्यावर घेतला. चार पावलं टाकेपर्यंत चारही पायांतून गळून हत्ती रिकामा झाला आणि शरणम्मा नखशिखांत भिजली.

“यव्वा! अगं, ह्याला पायापायाला भोकं!”

सरजाबाईंनी झुंबर काढलं, त्याच्या तीन घागरींनी तीन वाटांनी पाणी सोडलं. आगगाडीच्या प्रत्येक डब्याला स्वतंत्र दाखला होता, तो प्रत्येक डब्याने खरा करून दाखवला. शेवटी त्यांनी रंगाची बादली नळाखाली लावली. एका भोकावर डाव्या हाताचा तळवा दाबला, दुसऱ्यावर उजव्या हाताचा अंगठा. तिसऱ्यासाठी काही उरेना. त्या ओरडल्या, “प्रिया, ते पान आन, पान!”

बुद्धप्रिया स्मृतिचिन्ह घेऊन आली आणि त्यांनी ते बादलीच्या बुडाशी सरकवलं. ते नीट बसेना. नक्षीकाम आड येत होतं. त्या घरात आलेली ही पहिली वस्तू होती जी कशाच्याही उपयोगाची नव्हती.

नळ चालू होता तेवढा वेळ पाणी ओट्यावरून गटारात, गटारातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून फाटकाकडे गेलं. मग पुन्हा फुस्स झालं. सगळी गल्ली ओली होती आणि कुणाच्याच घरात पाणी नव्हतं. सरजाबाई तिथंच चिखलात बसल्या. हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. शरणम्मा येऊन शेजारी बसली. इतक्या वर्षांत त्या दोघी नळापाशी भांडल्याशिवाय बसल्या नव्हत्या.

“पोट भरून प्यालीस का तरी?” शरणम्माने विचारलं.

“ओंजळीनं दोन येळा.”

“मी बी.”

तिसऱ्या दिवशी नगरपंचायतीची नोटीस आली. सोनकांबळे यांच्या जोडणीवरून मोठ्या प्रमाणावर पाण्याचा अपव्यय झाल्याचं निदर्शनास आलं होतं. ‘पुरेशी व छिद्रविरहित साठवण व्यवस्था’ होईपर्यंत पुरवठा स्थगित. नोटीस घेऊन मल्लिकार्जुन साहेब स्वतः आले होते.

“ड्रम घेतो नवा,” ज्ञानोबा म्हणाले. “घेतो म्हंजे झालं ना?”

“तसं करू नका काका,” साहेब काळजीने म्हणाले. “विजेत्या घरात नवं प्लास्टिक आलं तर पुरस्कार रद्द होतोय. पुरस्कार रद्द झाला की नळ काढून न्यावा लागंल.”

“आन् ड्रम न्हाई घेतला तर?”

“तर नळ राहील की. पाणी तेवढं येणार न्हाई.”

सरजाबाईंनी साहेबांना चहा विचारला नाही. त्या घराच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

आता गल्लीतल्या बायका रूळ ओलांडून पलीकडच्या हातपंपावर जातात. ज्ञानोबांनी डेपोतल्या ओळखीने थोडं डांबर आणून बादलीची भोकं बुजवून दिली आहेत. ती बादली जरा पाझरते, पण येते घरापर्यंत. पूर्वीचा कोपरा आता सरजाबाईंना अंगणासारखा जवळ वाटतो. गुडघे शेकायला त्या एका बाटलीत गरम पाणी भरायच्या, पण आता त्या बाटलीच्याही बुडाला भोक आणि तोंडात फूल आहे.

दारातला नळ मात्र तिथंच आहे. चकचकीत, भिंतीत पक्का बसवलेला. पहिले काही दिवस त्या येता-जाता तो फिरवून बघायच्या. मग एक दिवस बाजारातून आल्या, हात दुखत होते, भाजीची पिशवी टेकवायला जागा दिसेना. त्यांनी ती नळाला अडकवली. नळाने ती छान धरली. दुसऱ्या दिवशी तिथं छत्री अडकली, मग ज्ञानोबांची टोपी. त्या घरात कुठलीच वस्तू फार काळ बिनकामाची राहत नाही.

बुद्धप्रियाने त्याचा व्हिडिओ केला: ‘टाकाऊ नळापासून सुंदर खुंटी.’ तिच्या आजवरच्या कल्पनांना जे भाग्य लाभलं नव्हतं ते याला लाभलं. माहेर ओलांडून तो हदगाव, धर्माबाद, कुठं कुठं गेला. साहेबांनी तो वर पाठवला आणि कल्पकतेचा नमुना म्हणून तो आता इतर नगरपंचायतींना दाखवतात.

तुम्हीही तो पाहिला असेल. खाली कुणीतरी एक साधा प्रश्न विचारलाय, ‘पण या नळाला पाणी येत नाही का?’ त्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलेलं नाही, आणि पसंतीचा अंगठा एकानेही दिलेला नाही. त्याच्याच खाली दुसऱ्या कुणी विचारलंय, ‘किती सुंदर! असा नळ कुठं मिळतो?’ त्यावर अंगठ्यांची रांग लागली आहे. जरा आठवून बघा, त्यातला एक तुमचा आहे.